स्वयंसेवक हवेत, पण नेमके कशासाठी?
नुसतं 'स्वयंसेवक हवेत' असं आवाहन केलं की येणारे सगळे निवेदक व्हायलाच येतात आणि महिन्याभरात गळतात, हा अनुभव सामुदायिक रेडिओत, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्रांत, नेहमीचाच. आवाहनातच काम लिहा: 'आठवड्याला २ तास, मुलाखतींचं संपादन, शिकवू.' संपादन आणि बाहेरचं रेकॉर्डिंग करणारी माणसं मिळणंच खरं अवघड.

नाव आलं की आठवड्याच्या आत बोलवा, उत्साह फार टिकत नाही. पहिल्याच दिवशी हातात रेकॉर्डर द्या. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ'चे फटके बसत नाहीत. रेकॉर्डरवर दिसणारी आवाजाची पातळी सर्वात जोराच्या क्षणी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. थेट प्रसारणाला मात्र आधी जाणत्याच्या शेजारीच बसवा. प्रत्येक कार्यक्रमाला दोघं तयार हवेत, नाहीतर एकाच्या आजारपणात तो कार्यक्रमच बंद पडतो.