बेकारी भत्ता: कामावरून का काढलं, हे कंपनीनेच का सांगायचं?

वाळूजकर
ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा क्लेम टाकलाय, पैसे येत नाहीत, अशी विचारणा आठवड्याला एक तरी असते. उत्तरंही ठरलेली: केवायसी बघा, पासबुकची झेरॉक्स द्या, शाखेत जाऊन बसा. माझ्या मते गाडी त्याच्या कितीतरी आधी अडते, एचआरच्या कॉम्प्युटरवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी क्लेम टाकता येतो. सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. २०१८ साली योजना आली तेव्हा निम्मे नव्हते, पाव होते, आणि क्लेम कंपनीमार्फत जायचा. २०२० मध्ये कोरोनात दोन्ही बदललं. कामगाराने थेट क्लेम टाकायचा, १५ दिवसांत निकाल लावू, असं तेव्हाचे कामगार मंत्री संतोष गंगवार म्हणाले होते.

थेट कसलं? नोकरी सुटल्याची तारीख आणि कारण अजून मालकाच्याच हातात. आमच्या शेजारचा मुलगा ठेकेदाराकडे डिबरिंगला, म्हणजे धातूच्या भागांच्या धारदार कडा घासायच्या कामाला होता. ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं. सुपरवायझर गेटवरच म्हणाला, "राजीनाम्यावर सही कर, मग हिशोब." खिशात भाड्याचे पैसे नाहीत, केली सही. झालं, कागदावर 'स्वतःहून सोडली', आणि मग भत्ता नाही! तो विचारायला गेला की सगळे त्यालाच विचारतात, सही का केलीस?

पीएफमध्ये जानेवारी २०२० पासून शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून कामगार स्वतः तारीख टाकू शकतो. ईएसआयसीतही तसंच करा. तारीख आणि कारण कामगाराने टाकावं, कंपनीला हरकतीला १५ दिवस द्यावेत. हरकत आली नाही तर पैसे सोडावेत.

एचआरवाली
सगळं खापर आमच्यावर फोडून मोकळे झालात. पीएफ हा माणसाचा स्वतःचा पैसा, तो कधी काढला याने दुसऱ्याचं काही जात नाही. ईएसआय हा विमा आहे, सगळ्यांच्या वर्गणीतून चालतो. दिवाळीला गावी गेलेला माणूस परत येत नाही, फोन उचलत नाही. उद्या तो 'मला काढलं' असं स्वतःच भरणार आणि आम्ही १५ दिवसांत बघितलं नाही म्हणून पैसे सुटणार? पाचशे लोकांचं रजिस्टर एकट्या मुलीकडे असतं हो.

आणि उशीर म्हणजे दरवेळी लबाडी नसते. एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, सुटलेल्यांची नोंदही बहुतेक ठिकाणी तेव्हाच होते. माणूस ३ तारखेला सुटला तर पोर्टलवर दिसायलाच सव्वा महिना जातो. त्यात आधारवर नाव एक, कंपनीत दुसरं. वर दोन-दोन विमा क्रमांक, मग क्लेम अडणारच.

वाळूजकर
ताई, दोन क्रमांक कामगार काढतो का? नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवा काढतो. शिक्षा कोणाला?

एचआरवाली
विचारतो. लोक सांगत नाहीत, कारण जुना कागद हरवलेला असतो.

भोसरीचा टर्नर
तुम्ही दोघं कशावर भांडताय ते हिशोब करून बघा. मागच्या चार वर्गणी-काळांची, म्हणजे दोन वर्षांची कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात. १५ हजार पगार सलग दोन वर्षं असेल तर रोजचे ४९३, निम्मे २४६, नव्वद दिवसांचे साधारण २२ हजार. ठेकेदाराने त्या दोन वर्षांत मिळून सहा महिने ब्रेक दिला असेल तर कमाई कमी होते, भागाकार ७३० नेच! हातात साडेसोळा हजार. ज्याला ब्रेक जास्त त्याला भत्ता कमी. आणि पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू वर्गणी-काळ संपल्यावर तुम्ही ईएसआयच्या बाहेर, तिथे हा भत्ताच नाही. ही मर्यादा २०१७ पासून तीच आहे.

एवढ्या पैशांसाठी कोण हेलपाटे मारणार? मी तर टाकलाच नाही क्लेम. भांडायचंच तर ब्रेकवर भांडा.

वाळूजकर
साडेसोळा हजार म्हणजे खोलीचं चार-पाच महिन्यांचं भाडं आहे दादा. तुमचं भागलं म्हणून बाकीच्यांचं भागेल असं नाही.

निवृत्त कारकून
विम्याच्या कागदांत हयात गेली, म्हणून बोलतो. 'हरकत नाही म्हणजे मंजूर' हे कुठलंही ऑफिस करणार नाही. ऑडिटवाला विचारतो, कागद कुठे? उद्या वसुली निघाली तर ती त्याच गरीब माणसाकडून. तेव्हा वाळूजकरांशी मी असहमत. पण कंपनी गप्प बसली म्हणून क्लेम लटकत ठेवणं हेही चूक.

क्लेम टाकायच्या आधीच ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांना स्पीड पोस्टने पत्र टाका: अमुक तारखेपासून मला कामावर घेतलं जात नाही. पावती जपा. सुपरवायझरचा 'उद्यापासून येऊ नको' हा मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, गेटपास, शेवटची पे-स्लिप. राजीनामा दबावाखाली घेतला असेल तर तेही त्याच आठवड्यात लेखी कळवा, सहा महिन्यांनी आठवलं तर कोण मानणार? शाखेत अर्ज दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी चौकशीला कुणी बांधील नसतो. मग केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाका. तरी हलत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, त्यात एकच प्रश्न: माझी फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि का?

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. कारखाना बंद पडला किंवा रीतसर कामगार कपात झाली असेल तर अटल योजनेकडे धावू नका. २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. पहिलं वर्ष निम्मा भत्ता, दुसरं वर्ष पाव. ९० दिवस कुठे आणि दोन वर्षं कुठे!

एचआरवाली
काकांचं पत्र पटलं. कामगाराचं पत्र आमच्याकडे पोचल्याची पावती असेल आणि आम्ही १५ दिवस गप्प राहिलो, तर पैसे सोडा, माझी हरकत नाही. नुसत्या पोर्टलवरच्या नोटिशीवर मात्र नको. खोटं निघालं तर दंड कशाचा लावणार तेही सांगा, कारण भत्ता आयुष्यात एकदाच, पुढचा रोखायचा तर पुढचा नसतोच.

वाळूजकर
खोटं निघालं तर पैसे परत घ्या, पुढच्या नोकरीच्या पगारातून हप्त्याने. पण मग कंपनीने खोटं कारण टाकलं असेल तर तिलाही तितकाच दंड, आणि तो कामगाराच्या खात्यात. हे मान्य असेल तर पत्राची अट मला मान्य. शेजारच्या मुलाला आजच सांगतो पत्र टाकायला, ठेकेदाराचा पत्ता पे-स्लिपवर आहे.

भोसरीचा टर्नर
पे-स्लिप देतो का ठेकेदार? नशीबवान आहे पोरगा.