रोमन लिपीवर विसंबू नका
रोमन अक्षरांत लिहून जपानी शिकलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. माझं ठाम मत, नको. हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं अवघी ४६. ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये रोज पाच गिरवली तरी दहा दिवसांत होतात. क्रमही आपल्या वर्णमालेच्या वळणाचा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना.

वाक्यरचनेला तर मराठी माणसाने घाबरूच नये. 'तोक्यो नी इकिमास' म्हणजे 'टोक्योला जातो'. 'नी' आपल्या 'ला'च्या जागी, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून भाषांतर करत बसलात तर ही सोय हातची जाते.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र जपा. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू. त्यातला 'बा' दुप्पट लांबवला की आजी. हे मोठ्याने बोलूनच जिभेवर बसतं.