साठ हजार घेऊन राजीनाम्यावर सही करू का? शनिवारपर्यंत सांगायचंय

शिरोलीचा मोल्डर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी 11 वर्षं 7 महिने मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला आहे. कायम कामगार. पावतीवर बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये. आम्ही ट्रॅक्टरचे पार्ट ओततो. आधी एका शिफ्टला आठ हीट (भट्टीतले वितळलेल्या धातूचे घाणे) निघायच्या, दिवाळीपासून तीनवर आल्यात. भट्टी पेटलेली नसली की शॉपमध्ये कसं वाटतं ते फौंड्रीवाल्यालाच कळेल. वाळू पडून, पॅटर्न भिंतीला लावलेले आणि माणसं उगाच झाडू मारत फिरतायत.

आधी कंत्राटी पोरं गेली. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, सकाळी गेटवर नावं पुकारलीच नाहीत. आता आम्हा कायम लोकांतल्या 22 जणांना एकेकटं ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. "घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." तारखेची जागा मोकळी, खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. साठ हजारांचा चेक तयार आहे, सगळा हिशोब त्यातच मिटला, असं सांगितलं. चौघांनी सह्या केल्या. त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, त्याला मी काय बोलणार?

माझे वडील शाहू मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 2003 ला मिल बंद झाली तेव्हा मी दहावीला होतो. भोंगा थांबल्यावरही वडील कितीतरी महिने पहिल्या पाळीच्या वेळेला उठून पायरीवर बसायचे. आई चहा आणून ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. आता माझा पोरगा सहावीत आहे. त्यानं मला तसं बसलेलं बघू नये, एवढीच इच्छा आहे.

कारखान्यात सगळे मिळून शंभर-सव्वाशे माणसं असतील. पोरं म्हणतायत, सोमवारी सगळ्यांनी किरकोळ रजा टाकू आणि गेटवर बसू. सही करू, का गेटवर बसू? जाणकारांनी सांगा.

लेबर कोर्टाच्या वाटेवरचा

सही करू नका. तुम्ही सोडून जाणं आणि मालकानं कमी करणं, कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो कागद दुसऱ्या गोष्टीला पहिलीचं नाव देतोय.

हिशोब करून बघा. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. तुमच्या 15,600 वर वर्षाचे 9,000 होतात. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 12 वर्षं झाली. 1,08,000 रुपये. पाच वर्षं भरलेला माणूस स्वतःहून सोडून गेला तरी हे त्याला द्यावेच लागतात. म्हणजे साठ हजारांत तुमची नुसती ग्रॅच्युइटीसुद्धा बसत नाही!

मालकानं कपात केली, म्हणजे काम नाही म्हणून कमी केलं, तर वरून प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. अर्धा महिना 7,800 धरला तरी 93,600. एक महिन्याची नोटीस, नाहीतर तिचा पगार 15,600. बेरीज 2,17,200. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा लागू झालाय, त्यात कपात झालेल्याच्या खात्यावर 15 दिवसांचा पगार वेगळा जमा करायची तरतूद आहे, नवीन काम शिकण्यासाठी. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी सोडून हे सगळं गेलं. ईएसआयचा (कामगार विम्याचा) बेकारी भत्ताही स्वेच्छेनं नोकरी सोडणाऱ्याला मिळत नाही.

सरकारची परवानगी मात्र त्यांना लागणार नाही. पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला लागायची, आता ती अट 300 वर नेलीय. माझ्या मते या संहितेनं कामगाराचं सगळ्यात मोठं नुकसान इथं केलं. कोल्हापूरच्या कितीतरी फौंड्र्या एका फटक्यात त्या अटीतून बाहेर पडल्या.

सोमवारची रजा टाकू नका. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरतात, आणि संपाला आता सगळीकडे 14 दिवसांची नोटीस लागते. नोटीस न देता बसलात तर चूक त्यांची असून बेकायदा तुम्ही ठराल. त्यापेक्षा 22 जणांनी मिळून कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काढून टाकलंच तर 45 दिवसांत तिथं तडजोड झाली नाही की न्यायाधिकरणाकडे थेट जाता येतं. मुदत दोन वर्षांची आहे, पूर्वी तीन होती.

त्या चौघांना सांगा, राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हातात पडायच्या आत तो लेखी मागे घ्या. आजच्या आज, स्पीड पोस्टानं.

आजऱ्याची लेक

दादा, कागद जपा. माझे बाबा मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडची तेव्हा घराघरातली माणसं लालबाग-परळात होती. दोन महिन्यांत मिटेल म्हणून बाबा गावी आले, ते कायमचे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे लोकांना आता सांगितलं तर खरं वाटत नाही.

बाबांच्या ट्रंकेत गिरणीचं हजेरीचं तिकीट होतं. छताच्या गळतीनं त्याचा लगदा झाला. पुढं गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज निघाले तेव्हा तिथं काम केल्याचा पुरावा आमच्याकडे एकही नव्हता. चौदा वर्षं राबलेला माणूस कागदावर कुठंच नाही. पगारपावत्या, ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक, सगळ्याचे फोटो आज रात्रीच काढून ठेवा.

फेटलिंगचा

मी गेटवर नाव न पुकारलेल्यांपैकी आहे. चार वर्षं ओतलेल्या पार्टच्या कडा घासायला ग्राइंडर धरलाय. ठेकेदार फोन उचलत नाही, शेवटच्या महिन्याचा पगार राहिलाय. आमचं कुणी विचारतच नाही म्हणून लिहिलं.

लेबर कोर्टाच्या वाटेवरचा

ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ कारखान्यानं द्यायचा असतो. तुमचा पीएफ कापला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या नंबरच्या) पासबुकात महिने दिसतील, तोच पुरावा. वेगळे राहू नका, या 22 जणांबरोबरच जा.

उद्यमनगरचा जुना टर्नर

बाळा, मी दोन्ही बाजू बघितल्यात. मालकाचीही अडचण खरी असू शकते. विजेचा दर, वरच्या कंपनीनं अडकवलेलं पेमेंट, सगळं खरं. पण मंदी खरी म्हणून तो कागद खरा होत नाही. काम नाही तर तसं लिहून दे म्हणावं. कायद्यानं शेवटी लागलेला आधी कमी होतो, आणि वर्षभरात पुन्हा भरती केली तर कमी केलेल्यांना आधी बोलवावं लागतं. ट्रॅक्टरची मागणी पावसावर फिरते, ऑर्डरी परत येतील. तेव्हा आत जायचा हक्क आज सही करून सोडू नकोस. आणि ऑफिसात एकटा जाऊ नकोस.

शिरोलीचा मोल्डर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हिशोबाचा तो मजकूर आमच्या ग्रुपवर टाकला. पावणेबारापर्यंत फोन चालू होते.

सकाळी आम्ही सहा जण मिळून ऑफिसात गेलो. म्हटलं, सही करत नाही, कमी करायचं असेल तर लेखी द्या. साहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले सोमवारी बोलू. कागदाची प्रत मागितली, ती दिली नाही. चौघांपैकी तिघांनी राजीनामा मागे घेतल्याचं पत्र पोस्टात टाकलंय. लग्नघरचा अजून विचार करतोय, संध्याकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे.

अर्ज लिहून झालाय, 19 सह्या आल्यात. फेटलिंगच्या भावा, तुझ्यासाठी आणि तुझ्याबरोबरच्या पोरांसाठी वेगळा अर्ज केलाय, त्यात राहिलेला पगार महिन्यासकट लिहिलाय. सोमवारी सकाळी दहाला कामगार आयुक्त कार्यालयाच्या दारात ये, पासबुकाची झेरॉक्स घेऊन.