शब्दचर्चा : ‘निनावी’ म्हणजे ‘अनोळखी’ नव्हे

पंचगंगाकाठ : व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या हेडसेटमधून डोक्याच्या, हातांच्या हालचाली घेऊन पार्किन्सन्स (मेंदूचा, हालचाली बिघडवणारा आजार) ओळखायचा, अशा प्रकल्पाचा मराठी सारांश करायचा आहे. ‘अ‍ॅनॉनिमाइज्ड डेटा’ला ‘अनामिक विदा’ आणि ‘डिटेक्शन’ला ‘निदान’ चालेल का?

तालीमकर : ‘अनामिक’ची अडचण अर्थाची आहे, वाचणाऱ्याला ओळख पटणारच नाही असं वाटतं. नाव-फोन काढले की माहिती निनावी होते, अनोळखी होत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात गडी उतरला की चेहरा दिसायच्या आधी चालीवरून ओळखतात, तसंच हे. ‘बीट सेबर’ हा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतला खेळ खेळणाऱ्या ५५,०००हून अधिक जणांच्या नोंदींवर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली काम केलं. प्रत्येकाच्या ५ मिनिटांच्या नोंदीवर यंत्राला शिकवलं. मग १०० सेकंदांची नवी हालचाल दिली, तर ९४ टक्क्यांहून जास्त वेळा माणूस बरोबर सापडला. हेडसेट जमिनीपासून किती वर, यावरून उंची कळते; हात किती लांब पोचतात, यावरून हातांची लांबी. म्हणून ‘नावे वगळलेली’ एवढंच लिहा. ‘ओळख पुसलेली’ लिहिलंत तर खोटं ठरेल.

उत्तरेश्वर पेठ : ‘निदान’ तर नकोच. आयुर्वेदाच्या निदानपंचकात निदान म्हणजे रोगाचं कारण, आजच्या बोलण्यात डॉक्टरांनी तपासून काढलेला निष्कर्ष. यंत्र यातलं काहीच करत नाही, संशयित तेवढे बाजूला काढतं. ‘चाळणी’ म्हणा. शिवाय ‘निदान ८० जणांचे निदान’ असली वाक्यं टळतील.

पंचगंगाकाठ : चाळणी लई घरगुती वाटतं वो. शेजारी ‘९० टक्के अचूक’ लिहायचंय.

गुऱ्हाळघर : घरगुती आहे म्हणूनच ठेवा, चाळणीला भोकं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. आणि ‘अचूक’ एकटा सोडू नका. १,००० लोकांत १० रुग्ण धरा. चाळणी रुग्णांतले ९० टक्के पकडते, निरोग्यांतले ९० टक्के सोडते. म्हणजे ९ रुग्ण सापडले, पण ९९० निरोग्यांतले ९९ उगाच अडकले. होकार आलेल्या १०८ जणांत खरे रुग्ण ९, म्हणजे शंभरात आठ. उलट सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणणारं यंत्र याच गर्दीत ९९ टक्के अचूक! ‘संवेदनशीलता’ आणि ‘विशिष्टता’ कोशात आहेत, पण पहिल्यानं हळवा माणूस आठवतो. ‘रुग्णांपैकी किती पकडले’, ‘निरोग्यांपैकी किती सोडले’ असं उघडून लिहा. आणि ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला ‘खोटा होकार’ नको, कोणी खोटं बोललेलं नाही. ‘चुकीचा होकार’.

तालीमकर : त्याआधी नोंदी वाटल्या कशा ते बघा. एकाच माणसाच्या काही नोंदी शिकवणीत, काही परीक्षेत गेल्या तर यंत्र रोग नव्हे, माणूस ओळखतं आणि आकडा फुगतो. पार्किन्सन्सच्या आवाजांचा ऑक्सफर्डचा जुना संच घ्या : १९५ नोंदी, पण माणसं ३१ च. नोंदी पिसून वाटल्या की तोच आवाज दोन्हीकडे येतो. त्यातल्या १४७ नोंदी रुग्णांच्या, म्हणजे डोळे मिटून ‘आहे’ म्हटलं तरी ७५ टक्के. वाटणी माणूसवार करायची : एका माणसाचं सगळं एकाच बाजूला.

पंचगंगाकाठ : याला इंग्रजीत ‘लीकेज’ म्हणतात. ‘गळती’?

उत्तरेश्वर पेठ : गळती म्हटलं की माहिती चोरीला गेली असं वाटतं, आणि तुमच्या सारांशात सुरक्षेचाही भाग आहे. ही तर सरळ पेपरफुटी! दोन गोष्टींना दोन शब्द आपल्याकडे आहेत, इंग्रजीत दोन्हींना ‘लीकेज’ म्हणतात.

गुऱ्हाळघर : पार्किन्सन्सला ‘कंपवात’ लिहा, सोबत ‘सर्वच रुग्णांना कंप नसतो’ हेही. विश्रांतीतला कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा. हेडसेट सहसा सेकंदाला ७२ किंवा ९० नोंदी घेतो, त्यामुळे कंप पकडायला वेग पुरतो. बिघडतं ते दुसरीकडे. कंट्रोलर (हातात धरायचं यंत्र) घट्ट धरून काम सुरू झालं की हा कंप दबतो, आणि जलद थरथर काढून हालचाल गुळगुळीत करणाऱ्या गाळणीची मर्यादा सेकंदाला ४ च्या खाली लावली की उरलेलाही पुसला जातो. हात मांडीवर सैल, कंट्रोलर मनगटाला पट्ट्यानं, आणि १०० मधून ७-७ वजा करायला सांगायचं. मन गुंतलं की कंप वर येतो.

पंचगंगाकाठ : मग असं : ‘नावे वगळलेल्या हालचालींच्या विदेवरून कंपवाताची चाळणी’. ‘विदा’ ठेवू का?

उत्तरेश्वर पेठ : काढा. रुग्णाच्या घरचे वाचणार असतील तर ‘नोंदी’.