गिरणगावाचा इतिहास: आधी कागद की आधी माणसं?

परळकर:
सध्या जो तो मोबाइल घेऊन मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती घेत सुटलाय. कडू वाटेल, पण आधी कागद गोळा करा. मस्टर म्हणजे हजेरीपट, पगाराच्या चिठ्ठ्या, १९८२ च्या संपातली पत्रकं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा यातलं कितीतरी रद्दीत गेलं. गिरणी कामगाराला म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. तिथे आठवणी चालत नाहीत. आणि चाळीस वर्षांनी आठवणींची सरमिसळ होतेच. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची सभा ऐकलेला आणि सभेबद्दल नुसतं ऐकलेला, दोघं आज सारख्याच ठसक्यात सांगतात.

संगमेश्वरी:
मस्टरमध्ये माझी आजी कुठे सापडेल? लालबागला तिची खानावळ होती, पाळीप्रमाणे पंचवीस जण जेवायचे. संपात पैसे थकले तरी तिने कोणाचं ताट बंद केलं नाही, मंगळसूत्र गहाण पडलं. आणि बदली कामगार? कायम नसलेला, गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा. रोज गेटवर उभा राहायचा, काम नसलं की परत. बदलींना कायम करा ही संपातली एक मागणी होती. परत फिरलेल्या त्या दिवसांची नोंद कोणी ठेवली?

जुना कारकून:
मी गिरणीच्या टाइम ऑफिसात होतो. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली. आमच्या मस्टरमध्ये 'संप' हा शब्दच नाही, सगळे फक्त गैरहजर. कोण गावी गेला, कोण भाजी विकायला बसला, कागदाला काय ठाऊक?

परळकर:
बदलींचं मान्य. पण नाव, गिरणीतलं खातं, तारीख न विचारता केलेलं रेकॉर्डिंग कशाला धरायचं? फोन बिघडला की तेही गेलं. मी कागदच आधी म्हणेन. ताई, खानावळीची वही आहे का?

संगमेश्वरी:
आहे, गावच्या ट्रंकेत. आजीला लिहिता येत नव्हतं. एकेका गिऱ्हाइकासाठी तिने आपली आपली खूण केलीये, कुठे फुली, कुठे मासा, आणि पुढे जेवणाच्या रेघा. कुठली खूण कोणाची, ते तिच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. रविवारी वही घेऊन तिच्याजवळ बसतेय. खातं आणि तारीखही विचारीन.