मदत हवी आहे: आई मटकन बसते, पण पडद्यावर ते पोचत नाही

लघुपटातला एक प्रसंग अडला आहे. आई उभ्यानं साडीची घडी घालतेय, दारातून मुलाच्या अपघाताची बातमी येते, ती मटकन कॉटवर बसते. तालमीत हे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एडिटवर तेच कोरडं वाटतं. चित्रीकरण ४के (एचडीच्या दुप्पट रुंदी-उंची), सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, ३५ मिमी लेन्स, ट्रायपॉड. ती बसते तसा कॅमेरा टिल्ट-डाऊन होतो, म्हणजे जागच्या जागी खाली झुकतो, आणि बसायला सुरुवात होताच क्लोज-अपवर कट आहे. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
टिल्टमध्ये. शरीर खाली जातंय त्याच वेगानं चौकटही खाली गेली, तर बाई पडद्यावर होती तिथेच राहते. सरकते फक्त मागची भिंत. तालमीत भिंत जागेवर होती म्हणून तिचं कोसळणं दिसलं. कॅमेरा हलवू नका. तिला चौकटीतून अर्धी निसटू द्या, वर रिकामी भिंत उरू द्या. ती टेकल्यावर अर्ध्या सेकंदानं, म्हणजे १२-१३ फ्रेमनंतर, सावकाश टिल्ट करा.

कटही पुढे ढकला. ठरवून बसणारा माणूस आधी धड पुढे झुकवतो, मग कंबर खाली नेतो. मटकन बसताना ते झुकणं नसतं, गुडघेच सुटतात. प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो इथे, आणि तुमचा कट नेमका तेवढाच भाग खातो.

प्रतिसाद २
सहमत. चेहऱ्यावर एवढी भिस्त नको, हालचालच बोलते. गुन्नर योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवून दिलं की अंधारात सांध्यांवरचे फक्त हलते ठिपके पाहूनही माणूस चालतोय हे लगेच ओळखू येतं. ठिपके थांबले की काहीच कळत नाही.

बातमी कानावर पडली तरी हात चालू राहू देत. काठाला काठ जुळायच्या जरा आधी थांबू देत. ती अर्धवट घडी क्लोज-अपपेक्षा जास्त बोलेल. आणि बसण्याआधी तिची नजर कॉटकडे जाते का, ते बघा. जागा हेरून बसली की सगळं गेलं! कॉटची कड पोटरीला लागेल इतकं जवळ तिला उभं करा, म्हणजे बघावंच लागणार नाही.

धागाकर्ता
नजर जातेय, हो. पुन्हा शूट जमलं नाही तर?

प्रतिसाद १
एचडी टाइमलाइनवर (१९२०×१०८० पिक्सेलच्या एडिटवर) चौकटीत बसवलेला शॉट १३० टक्क्यांपर्यंत मोठा करा. उभ्या दिशेनं ३२४ पिक्सेल मोकळे मिळतात आणि ४के असल्यानं चित्र फुटत नाही. टिल्ट सुरू होताच कीफ्रेम (चित्राची जागा कुठल्या क्षणी कुठे हवी याच्या खुणा) लावून चित्र खाली सरकवा, भिंत जवळपास थांबेल. पूर्ण थांबवू नका; टिल्ट जोरात असेल तर १/५० शटरमुळे भिंत फिसकटलेली असते आणि स्थिर चौकटीत ते लगेच खटकतं.