मदत हवी आहे: बारावीनंतर नेत्र सहाय्यक. कोणता कोर्स, आणि रोजचं काम नेमकं काय?

सातारी_कंदी
मावसबहीण यंदा बारावी झाली, पीसीबी ग्रुप. नीटच्या मागे लागायचं नाही असं तिचं ठरलंय. डोळ्यांच्या दवाखान्यात नेत्र सहाय्यक किंवा व्हिजन टेक्निशियन व्हायचा विचार आहे. एक वर्षाचे, दोन वर्षांचे, चार वर्षांचे असे कोर्स दिसतात. निवड कशी करावी? आणि ओपीडीत नवशिक्याचं कुठे चुकतं, हे जाणकारांनी सांगितलं तर ती आधीपासून तयारी करेल.

घाटमाथा
आधी कागद बघा, मग इमारत.

2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात पदविका किमान 2000 तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली, आणि पदवी किमान 3600 तासांची धरली आहे. म्हणून एक वर्षाचा कोर्स घेण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं, एकूण तास किती, त्यातले प्रत्यक्ष रुग्णांवरचे किती, आणि त्यावर या कायद्याखालच्या राज्य परिषदेत नोंदणी होते का. "नोकरी शंभर टक्के" असं पत्रकावर असेल आणि तासांचा आकडा कुठेच नसेल, तर तिथून निघा.

एक वर्षाचा म्हणजे वाईट असं मात्र नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचा व्हिजन टेक्निशियन कोर्स वर्षभराचाच आहे, पण तो त्यांच्या गावोगावच्या व्हिजन सेंटरसाठी माणसं घडवतो. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षं शिकवून आपल्याच कामात घेतं. अशा ठिकाणी शिक्षण त्या रुग्णालयाच्या पद्धतीला बांधलेलं असतं. बाहेर पडल्यावर त्याची किंमत किती, हे आधीच विचारून ठेवावं.

सरकारी जागा डोक्यात असेल तर मागच्या भरतीची जाहिरात काढून अर्हता शब्दशः वाचा. "समकक्ष" या शब्दावर भरवसा ठेवू नका. स्वतंत्रपणे नंबर काढायचे असतील, पुढे शिकायचं असेल, तर ऑप्टोमेट्रीची (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राची) पदवी, शेवटचं वर्ष इंटर्नशिप, हाच सरळ रस्ता.

पिनहोल
कामाचा क्रम आताच पाठ करायला सांगा: तक्रार विचारणे, व्हिजन (तक्त्यावर नजर किती ते), नंबर, बाहुलीची प्रतिक्रिया, डोळ्याचा दाब, आणि मगच बाहुली मोठी करायचे थेंब. हा क्रम उलटला की नुकसान होतं. थेंब आधी पडले तर बाहुली प्रकाशाला कशी वागते हे डॉक्टरांना त्या दिवशी दिसतच नाही, आणि नेत्रनाडीचा आजार तिथेच निसटतो.

व्हिजन घेणं सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त निष्काळजीपणा तिथेच होतो. तक्ता 6 मीटरवर (आरसा असेल तर आरसा 3 मीटरवर). आधी उजवा, मग डावा. रुग्णाला तळहाताने डोळा झाकू देऊ नका: बोटांच्या फटीतून बघतात, किंवा डोळा दाबतात आणि मग मिनिटभर त्या डोळ्याला धूसर दिसतं. ऑक्लुडर (डोळा झाकायची दांडीची चकती) वापरा. मान तिरकी करून किंवा डोळे बारीक करून वाचलेली ओळ धरायची नाही. वरचं 6/60 चं अक्षरही दिसत नसेल तर बोटं मोजायला लावा, 3 मीटर, 2, 1. मग हाताची हालचाल. मग टॉर्चचा उजेड, तोही चारही बाजूंनी कळतो का ते. "दिसत नाही" एवढंच लिहून केसपेपर पुढे सरकवू नये.

6/6 (पूर्ण नजर) पेक्षा कमी असेल तर पिनहोल (बारीक भोकाची चकती) लावाच. पिनहोलने सुधारलं तर बहुधा चष्म्याचं काम आहे. नाही सुधारलं तर चष्म्याच्या पलीकडचं काही असू शकतं, आणि त्या माणसाला ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची फ्रेम) घालून अर्धा तास बसवण्यात अर्थ नाही.

तिरपी_रेघ
रेटिनोस्कोपीबद्दल (डोळ्यात उजेडाची रेघ हलवून, आतल्या प्रतिबिंबाची हालचाल थांबवणाऱ्या काचेवरून नंबर काढणे) एकच: अंतर. 67 सेंमीवरून बघत असाल तर मिळालेल्या आकड्यातून 1.50 वजा. म्हणजे +3.50 ला हालचाल थांबली तर नंबर +2.00. दुपारपर्यंत पाठ वाकते, माणूस नकळत 50 सेंमीवर येतो आणि वजा मात्र 1.50 च करत राहतो. तिथे 2.00 वजा व्हायला हवेत, म्हणजे प्रत्येक नंबर अर्ध्याने प्लसकडे सरकलेला. 67 सेंमीची दोरी कापून ठेवा, दर थोड्या वेळाने ताणून बघा.

ट्रान्सपोझिशन (तोच नंबर दुसऱ्या रूपात लिहिणे) तोंडपाठ हवं. पहिला आकडा स्फिअर, दुसरा सिलिंडर (तिरपेपणाचा नंबर), तिसरा अक्ष. +1.00 / −2.00 × 90 याचंच दुसरं रूप −1.00 / +2.00 × 180. दोन्ही आकड्यांची बेरीज हा नवा स्फिअर, सिलिंडरचं चिन्ह उलट, अक्ष 90 ने फिरवायचा. चष्मेवाल्याकडून "नंबर चुकलाय" म्हणून परत आलेल्या कागदांत ही गफलत बऱ्याचदा सापडते.

सातारी_कंदी
खूपच कामाचं. मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढायचं कामही सहाय्यकाकडे असतं का? त्याची तिला धास्ती वाटते.

ॲक्सियल
असतं, आणि धास्ती असलेली बरी.

आधी केराटोमेट्री (बुबुळाची वक्रता मोजणे), मग ए-स्कॅन (अल्ट्रासाउंडने डोळ्याची लांबी मोजणे). भूल देणारा थेंब आणि प्रोबचा स्पर्श यांनी बुबुळाचा (कॉर्नियाचा) पृष्ठभाग बिघडतो. नंतर घेतलेल्या के-रीडिंगवर (वक्रतेच्या आकड्यावर) विश्वास ठेवता येत नाही.

काँटॅक्ट (प्रोब बुबुळाला टेकवून केलेल्या) ए-स्कॅनमधली नेहमीची चूक म्हणजे प्रोब दाबणे. बुबुळ दबलं की डोळ्याची लांबी कमी येते, यंत्र जास्त पॉवरची लेन्स सांगतं, आणि ऑपरेशननंतर रुग्णाला मायनस नंबर लागतो. 0.1 मिमीला साधारण पाव डायॉप्टर (नंबराचं एकक), किंचित जास्तच. म्हणजे 0.3 मिमी दाबलं की पाऊण ते एक नंबर गेला. प्रोब जेमतेम टेकवायचा. तरीही बुबुळ आणि प्रोब यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहू देऊ नका, तेव्हा लांबी उलट जास्त येते. इमर्शनची (प्रोब डोळ्याला न टेकवता, मध्ये द्रव ठेवून मोजण्याची) सोय असेल तर तीच वापरावी.

पडद्यावरचा आलेख वाचायला शिका, नुसता आकडा नको. बुबुळ, लेन्सची पुढची बाजू, मागची बाजू, मग रेटिनाची सरळ उभी उसळी, आणि तिच्या मागे स्क्लेराची. रेटिनामागे स्क्लेराची उसळी दिसतच नसेल, तर प्रोब नेत्रनाडीकडे रोखलाय. रेटिनाची उसळी पायऱ्या-पायऱ्यांनी चढत असेल तर कोन तिरका आहे. दोन्ही वाचनं टाकून द्या, सरासरीत घेऊ नका.

दोन्ही डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिमीहून जास्त फरक, किंवा सरासरी के 40 च्या खाली वा 47 च्या वर आला, तर पुन्हा मोजा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. आधी लेन्स बसवलेल्या डोळ्याला यंत्राचा मोड बदलायला विसरू नका. आणि ए-काँस्टंट (प्रत्येक लेन्स मॉडेलचा ठरलेला आकडा): लेन्सचं मॉडेल बदललं की तो बदलतो. तो एकाने चुकला तर एसआरके (लेन्सची पॉवर काढायच्या) सूत्रात लेन्सची पॉवरही एक डायॉप्टरने चुकते. खोक्यावरचा आकडा यंत्रातल्या आकड्याशी ताडून बघायची सवय लावा.

घाटमाथा
थेंबांचं राहिलं. बाहुली मोठी करणारं ट्रॉपिकामाइड-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण टाकण्याआधी बीपी आणि हृदयविकार विचारा. असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बहुतेक साधं ट्रॉपिकामाइड लिहितात. टॉर्च कानशिलाकडून आडवा धरून बघा, नाकाकडची बाजू सावलीत गेली तर पुढचा कोन अरुंद असू शकतो. अशा डोळ्यात न विचारता थेंब नाही. रुग्ण स्वतः दुचाकीवर आलाय का, तेही आधीच विचारावं.

सुन्न करणारा प्रोपॅराकेन रुग्णाने कितीही गयावया केली तरी घरी द्यायचा नाही. वारंवार वापरला तर बुबुळाला जखम होते आणि ती भरत नाही.

आणि चुना किंवा ॲसिड उडालेला माणूस आला तर केसपेपर नंतर. आधी सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट, तेही नसेल तर नळाचं स्वच्छ पाणी, किमान अर्धा तास. वरची पापणी उलटून खाली अडकलेला चुन्याचा कण ओल्या बडने काढल्याशिवाय धुणं पूर्ण होत नाही. डॉक्टरांना मात्र पाणी सुरू असतानाच हाक मारा.